एवढं दूध पिऊनही कॅल्शियम कमी? पॅराथायरॉइडचं इंजेक्शन घरी घेणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि समोर पिळलेलं दूध फेसासकट ग्लासात येतं. अशा गावात कुणाचं कॅल्शियम कमी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं दूध पिऊन?" माझ्या आत्तीनं हा प्रश्न वर्षभर ऐकला. थायरॉइडच्या गाठीसाठी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकायच्या आतच ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. शेजारणींनी नाचणी, खारीक, तिळाचे लाडू आणून दिले. दूध तर होतंच. कॅल्शियम काही वर येईना.

मी औषधाच्या दुकानात बसते, त्यामुळे घरात सगळे माझ्याकडेच बघायचे. पण नेमकं काय बिघडलंय हे मला कळलं ते तिचं बीपी घेताना. घरचं मशीन दोनदा चुकलं, म्हणून तिसऱ्यांदा पट्टा फुगवला. पट्टा दंडावर आवळलेला असतानाच तिचं मनगट आत वाकलं, अंगठा तळहाताकडे वळला आणि बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, रांगोळीची चिमूट धरल्यासारखी. "ह्यो हात असा का वळतोय गं?" ती घाबरून म्हणाली. पट्टा सोडला तसा हात हळूहळू सुटला. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की हाताच्या नसा इतक्या हुळहुळ्या होतात की थोडा दाब पडला तरी स्नायू आखडतो. त्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ही खूण १९व्या शतकातच लिहून ठेवली आहे.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. नाव सारखं वाटलं तरी काम पूर्ण वेगळं. थायरॉइड काढताना या ग्रंथींचा रक्तपुरवठा दुखावला जाऊ शकतो, कधी त्या थायरॉइडबरोबर निघूनही जातात. बऱ्याच जणांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. काहींच्या कधीच लागत नाहीत. या आजाराचं नाव हायपोपॅराथायरॉइडिझम, आणि मोठ्या माणसांत त्याचं सगळ्यात मोठं कारण गळ्याचं ऑपरेशन हेच आहे.

या ग्रंथींचं काम कोल्हापूरकराला समजावणं सोपं आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याला माहीत आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. तिथं कुणाला चाक फिरवावं लागत नाही. पॅराथायरॉइड रक्तातलं कॅल्शियम अशीच मोजत असतात, दिवसरात्र. पातळी जरा उतरली की त्या पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात, म्हणजेच पीटीएच. हे हार्मोन हाडांच्या साठ्यातून थोडं कॅल्शियम रक्तात आणतं. मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम लघवीतून जाऊ देऊ नकोस आणि फॉस्फरस बाहेर टाक. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं: मूत्रपिंडात डी जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणतं, आणि ते रूप तयार झालं तरच आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतं.

आता दुधाचं कोडं सुटतं. हार्मोन नसेल तर दुधातलं बरंचसं कॅल्शियम आतड्यातूनच निघून जातं आणि जे शोषलं जातं ते लघवीतून गळतं. शिवाय दुधात फॉस्फरसही भरपूर असतो. तो बाहेर टाकणारं हार्मोनच नाही म्हटल्यावर तो रक्तात साचतो. म्हणून या आजारात दूध वाढवणं हा उपाय नव्हे. आत्तीच्या डॉक्टरांनी तिला दूध कमीच करायला लावलं. शेजारणींना ते अजून पटलेलं नाही.

इंजेक्शनबद्दल बोलण्याआधी एक गोंधळ मिटवायला हवा, कारण काउंटरवर तो मी रोज बघते. लोक "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणतात आणि त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक, डी जीवनसत्त्वाचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन. ते हार्मोनची उणीव भरत नाही. दोन, कॅल्शियम ग्लुकोनेट. ते शिरेतून, दवाखान्यात, सावकाश आणि ईसीजीवर लक्ष ठेवून द्यायचं असतं. शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं. तीन, कॅल्सिटोनिन. हेही हार्मोनच आहे, पण काम उलटं: ते कॅल्शियम खाली आणतं. आणि चार, ज्याबद्दल हा लेख आहे ते पीटीएच किंवा त्याचा तुकडा, कातडीखाली घ्यायचं. चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. "तेच आहे, घ्या" असं दुकानदार म्हणाला तरी जुळवा, मी म्हटलं तरी जुळवा.

कॅल्शियम कमी असलेल्या प्रत्येकाला हे इंजेक्शन लागत नाही. आपल्याकडे कॅल्शियम उतरतं ते बऱ्याचदा डी जीवनसत्त्व कमी असल्यानं. तेव्हा ग्रंथी धडधाकट असतात आणि जास्तच हार्मोन सोडत असतात. अशा माणसाला आणखी हार्मोन देऊन काय साधणार? म्हणून आधी कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिन आणि पीटीएच एकत्र तपासतात. कॅल्शियम खाली, फॉस्फरस वर आणि एवढं होऊनही पीटीएच कमीच, असं चित्र दिसलं तर ग्रंथी झोपलेल्या आहेत हे कळतं. मॅग्नेशियम विसरू नका. ते फार उतरलं तर चांगल्या ग्रंथीही हार्मोन सोडत नाहीत आणि सोडलेलं हार्मोन नीट लागू पडत नाही.

हायपोपॅराथायरॉइडिझममध्येही सुरुवात गोळ्यांनीच होते: कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डी जीवनसत्त्वाचं तयार, कामाचं रूप. पुष्कळांचं यावर निभतं. पण गोळ्यांनी रक्तातलं कॅल्शियम वर आलं तरी मूत्रपिंडातली गळती थांबत नाही. वर्षानुवर्षं ते लघवीतून जात राहिलं तर मुतखडे होतात, मूत्रपिंडात चुना साठतो. गोळ्यांचा ढीग खाऊनही मुंग्या जात नाहीत, लघवीत कॅल्शियम फार जातंय, फॉस्फरस आटोक्यात येत नाही, किंवा आतडं गोळ्या शोषतच नाही, अशा वेळी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींच्या आजारांचे डॉक्टर, हार्मोनचा विचार करतात.

या ग्रंथींचा शोध तसा उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला, त्याचं शवविच्छेदन करताना १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांना ही बारीक ग्रंथी दिसली. माणसात ती दाखवली १८८० मध्ये इव्हार सँडस्ट्रॉम या स्वीडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी गुराढोरांच्या ग्रंथींपासून कामाचा अर्क काढला. इन्सुलिन शुद्ध करणाऱ्यांतही तेच होते. इन्सुलिन लगेच घराघरांत पोचलं. पॅराथायरॉइडचं हार्मोन मात्र या आजारावरचं मान्यताप्राप्त औषध व्हायला २०१५ उजाडावं लागलं. इतकी वर्षं हे रुग्ण, आपल्याकडं उणीव आहे त्या हार्मोनशिवाय, गोळ्यांवर दिवस काढत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पूर्ण हार्मोन ८४ अमिनो आम्लांची साखळी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध ही अख्खी साखळी होती. २०१९ मध्ये काडतुसाच्या, म्हणजे औषध भरलेल्या नळीच्या, रबरी बुचाचे कण औषधात येऊ शकतात म्हणून ते तिथं परत मागवलं गेलं आणि पुढं कंपनीनं ते बनवणंच थांबवायचं ठरवलं. टेरिपॅराटाइड म्हणजे या साखळीतल्या पहिल्या ३४ कड्या. ते मुळात हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध, अमेरिकेत २००२ पासून. आपल्याकडेही त्याचे पेन, म्हणजे औषध भरलेली पेनासारखी इंजेक्शनं, त्याचसाठी मिळतात, पण पर्याय नसतो तेव्हा डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर हायपोपॅराथायरॉइडिझममध्ये वापरतात. आत्ती हेच घेते. टोचल्यावर ते शरीरात तासाभरात निम्मं होतं, त्यामुळं या आजारात दिवसातून एकदा पुरेलच असं नाही, बऱ्याचदा विभागून द्यावं लागतं. सगळ्यात नवं पॅलोपेगटेरिपॅराटाइड: त्याच ३४ कड्या एका वाहकाला बांधलेल्या, अंगात हळूहळू सुटणाऱ्या. रोज एकदा टोचलं की दिवसभर जवळजवळ सारखी पातळी राहते. युरोपनं त्याला २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेनं २०२४ मध्ये.

औषध कुठलंही असो, एक गोष्ट मनात पक्की बसवा. पेनला पातळी कळत नाही. ग्रंथी मोजून सोडत होती, पेन न मोजता सोडतो. धरणाचा आपोआप चालणारा दरवाजा गेला आणि आता चाक आपल्या हातात आलंय. त्यामुळं पातळी बघायचं काम आपलं.

सुरुवातीला धोका असतो कॅल्शियम फार वर जाण्याचा. कारण जुन्या गोळ्या चालूच असतात आणि वरून हार्मोन आलेलं असतं. म्हणून इंजेक्शन सुरू होतानाच डॉक्टर कॅल्सिट्रिऑल कमी करतात, पुढं कॅल्शियमच्या गोळ्याही उतरवत नेतात, आणि पहिल्या आठवड्यांत दर काही दिवसांनी रक्त तपासतात. डोस बदलला की पुन्हा तेच. "इंजेक्शन चालू झालंय, पण गोळ्याही असू देत, नुकसान काय?" असं मला पुष्कळदा विचारतात. नुकसान आहे. आत्तीनं पहिल्या महिन्यात शिल्लक राहिलेलं एक पाकीट वाया जाऊ नये म्हणून संपवलं. मे महिना होता. तहान लागत होती, सारखी लघवीला उठत होती, पोट साफ होत नव्हतं आणि दुपारची गुंगी संध्याकाळपर्यंत उतरत नव्हती. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ११ च्या वर होतं. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे सामान्य धरतात, आणि या रुग्णांत तर मुद्दाम त्याच्या खालच्या अर्ध्यात ठेवतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हे चढणं फारच महागात पडतं, त्यांनी ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.

दुसरा धोका उलटा, आणि मला जास्त भीती त्याची वाटते: इंजेक्शन अचानक बंद होणं. गोळ्या कमी केलेल्या असतात, ग्रंथी झोपलेलीच असते, आणि हार्मोन गेलं की कॅल्शियम कोसळतं. बंद होण्याची कारणं अगदी साधी असतात. पेन संपला आणि दुकानात नाही. लग्नाला गेलो आणि घरी राहिला. एक कारण तर माहितीपत्रकातूनच येतं: टेरिपॅराटाइडच्या कागदावर बऱ्याचदा २ वर्षांपेक्षा जास्त घेऊ नये असं लिहिलेलं असतं. ती मर्यादा हाडांच्या आजारासाठी घालताना उंदरांवरचे प्रयोग समोर होते, मोठे डोस दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्यात हाडांचा कॅन्सर दिसला होता. माणसांच्या अनुभवात तसं आढळलं नाही, म्हणून अमेरिकेनं २०२० मध्ये माहितीपत्रकावरचा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा काढून टाकला. तरी ज्यांच्या हाडांना किरणोपचार दिलेत, ज्यांना पॅजेटचा आजार (हाडांचाच एक विकार) किंवा हाडांचा कॅन्सर आहे, आणि ज्या मुलांची वाढ अजून चालू आहे, त्यांच्या बाबतीत ही औषधं टाळतात. पण कागद वाचून कुणी आपल्या मनानं औषध सोडलं तर? थांबवायचं असेल तर ते डॉक्टरांनीच, गोळ्या पुन्हा वाढवून, रक्त तपासत.

म्हणून एक पेन वापरात आणि एक फ्रिजमध्ये राखीव, हा आमच्या घरचा नियम. हा धडा मी पुरातून घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, अनेक भागांत वीज नव्हती. बाहेरून औषधांची गाडी येणार कशी? जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून आषाढाच्या आधीच थंड साठवणीच्या औषधांसाठी माझ्या दुकानात बर्फाची पेटी तयार असते. टेरिपॅराटाइडचा पेन वापरायला काढल्यावरही २ ते ८ अंशांतच ठेवायचा असतो आणि २८ दिवसांनी, औषध उरलं तरी, टाकायचा असतो. पॅलोपेगटेरिपॅराटाइडचा पेन एकदा उघडला की ३० अंशांच्या खाली बाहेर १४ दिवस चालतो. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, आणि बर्फाच्या पेटीत पेन बर्फाला चिकटू देऊ नका, मध्ये जाड कापड असू दे.

बर्फाचं एवढ्यासाठी सांगते की गोठलेलं हार्मोन वाया जातं. आमच्याकडं एक पेन फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठला. वितळल्यावर तो दिसायला अगदी पहिल्यासारखा होता. आत्तीला एवढं महागाचं औषध टाकवेना, तिनं तो दोन दिवस हातात घेऊन विचार केला. शेवटी टाकला. आता पेन दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एका डब्यात असतो.

टोचण्याची पद्धत इन्सुलिनच्या पेनसारखी. जागा मांडीची किंवा पोटाची, ज्या औषधाला जी सांगितली असेल ती, आणि रोज थोडी बदलती. आधी औषध उजेडात धरून बघा. गढूळ असेल, रंग आला असेल, कण दिसत असतील तर वापरू नका. पेन जोरात हलवू नका. सुई दर वेळी नवी, आणि टोचून झाल्यावर लगेच काढायची, पेनवर तशीच ठेवायची नाही. पेनातलं औषध सिरिंजमध्ये ओढून घेऊ नका. बटण दाबल्यावर सुई आतच ठेवून माहितीपत्रकात सांगितलेत तेवढे आकडे मोजा. सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा. घंटागाडीवरची माणसं कचरा हातानं वेगळा करतात, पिशवीतली सुई त्यांच्या हातात घुसते. पहिले काही दिवस बसून किंवा आडवं होऊन टोचा, काहींना उठताना बीपी उतरून भोवळ येते.

वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन डोस एकदम घेऊ नका. किती तास उशीर चालतो हे प्रत्येक औषधाचं वेगळं आहे, ते आधीच विचारून पेनच्या डब्यावर लिहून ठेवा. उलट्या-जुलाब झाले की कॅल्शियमचं गणित बिघडतं. उपवासात पण. आत्ती नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस धरते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबरच नीट शोषली जाते, मग जेवणच नसेल तर? तिनं यंदा डॉक्टरांना महिनाभर आधी विचारलं, तेव्हा त्यांनी गोळी बदलून दिली. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनाही कार्बोनेट कमी लागू पडतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया.

रक्त तपासणीचं एक सांगायलाच हवं. एका खासगी लॅबमधून आत्तीचा रिपोर्ट आला: कॅल्शियम ५ च्याही खाली. मी धावत घरी गेले. ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती, बोटं मोकळी, एक मुंगी नाही. रिपोर्ट पुन्हा बघितला तर पोटॅशियम ८ च्या वर. ईसीजी काढला, तो चांगला. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं आणि त्यात पोटॅशियम असतं. त्या नळीतलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत गेलं की असा खोटा आकडा येतो. त्याच दिवशी दुसरीकडं पुन्हा तपासलं, ८.३ आलं. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर डोसला हात लावण्याआधी डॉक्टरांना फोन करून तपासणी पुन्हा करायची. तपासणी शक्यतो प्रत्येक खेपेला दिवसाच्या एकाच ठरलेल्या वेळी, आणि इंजेक्शन किती वाजता घेतलं हे कागदावर लिहून. रक्त घेताना दंडाची पट्टी फार वेळ आवळलेली असेल तरी आकडा थोडा चढतो.

पण लक्षणं असतील तर रिपोर्टची वाट बघू नका. नुसत्या मुंग्या असतील तर डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सांगून ठेवलेल्या जादा गोळ्या घ्याव्यात आणि फोन करावा. हातपाय आखडायला लागले, घसा आवळून श्वासाला आवाज यायला लागला, झटका आला, छातीत धडधड झाली, तर सरळ तातडीच्या विभागात, सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, किंवा जे जवळ असेल ते. तिथं पहिल्या मिनिटाला काय सांगायचं ते आत्तीच्या पर्समध्ये पास ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, मोठ्या पेननं: "पॅराथायरॉइड ग्रंथी नाहीत. टेरिपॅराटाइड चालू आहे, शेवटचा डोस अमुक वाजता. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी लगेच बघावेत. इंजेक्शन अचानक बंद करू नये." वेळेची जागा ती रोज सकाळी पेन्सिलीनं खोडून नव्यानं भरते.